सायडरच्या पुस्तकाचा कापलेला समास

ताई, तुमची पुस्तकं माझ्या खोलीत आलीत आणि आता आम्हाला पाय पसरून झोपता येत नाही. एकतीस खोकी आहेत. शीळ फाट्यावर टेम्पो अडकलेला, तेव्हा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "मावशी, एवढं काय भरलंय? लाद्या?" मी म्हटलं, पुस्तकं. "कसली?" म्हटलं, सफरचंदाच्या दारूची. त्यानंतर डोंबिवली येईपर्यंत त्याने टेम्पो खड्डे चुकवत हाकला. आमच्या चाळीचा जिना चढताना तर त्याने एकेक खोकं असं अलगद उचललं, की आत बाटल्याच असाव्यात.

आमचे हे म्हणतात, "तुझ्या ताई गेल्या, पण लायब्ररी आपल्या उरावर ठेवून गेल्या." रागाने नाही म्हणत. कड बदलायला जागा नाही म्हणून म्हणतात. मी गावी जाणार होते, भावाच्या मुलीचं लग्न आहे. आता नाही जात. उंदरांची भीती, वाळवीची भीती, वरच्या खोलीतला नळ उघडा राहिला तर काय, याची भीती. तुम्ही म्हणायचात ना, "शोभा, तू भीतीचंसुद्धा रजिस्टर बांधून ठेवशील." बांधलंय, ताई.

तुम्ही गेल्याला सोळा दिवस झाले. नौपाड्यातली तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, जागा महिनाअखेर खाली करून द्यायची, आणि तुम्ही मागे ठेवलेल्या कागदावर माझ्यासाठी एकच ओळ: पुस्तकं शोभाकडे, ती ठरवेल. तुमचे भाचे मिलिंददादा बंगळूरहून आलेले. त्यांनी ती ओळ मला वाचून दाखवली नाही, कागदच हातात दिला. "तुम्हीच वाचा, शोभाताई." कागद इंग्रजी होता. मी वाचला आणि मला रडू फुटलं. ते म्हणाले, "मावशीचं तुमच्यावर खूप प्रेम होतं हो." तेवढ्यासाठी रडत नव्हते मी. मी इंग्रजी वाचायला कशी शिकले, ते मला एकटीलाच माहीत होतं. तुम्हाला होतं की नाही, तोच प्रश्न आहे.

दादा तुमच्या आठवणींची एक लहान पुस्तिका काढतायत, घरच्यांना आणि तुमच्या कंपनीतल्या जुन्या माणसांना द्यायला. मला म्हणाले, चार पानं लिहा, तुमच्या भाषेत. म्हणून लिहायला बसले. आधी सगळं गोड लिहिलेलं, दोन वेळा. दोन्ही वेळा फाडलं.

तुम्ही पहिल्यांदा वागळे इस्टेटमध्ये आमच्या बाइंडिंगच्या गाळ्यात आलात, तेव्हा मी फरशीवर बसून पानांचे फर्मे शिवत होते. आमच्याकडे यायची ती कॉलेजच्या पोरांची प्रोजेक्टं, वकिलांच्या फायली, सोसायट्यांची रजिस्टरं. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, घ्या आणि निघा. तुम्ही पिशवीतून एक पुस्तक काढलंत, त्याची पाठ सुटलेली, पानं लोंबत होती. मालक म्हणाले, "बाई, हे होणार नाही, झेरॉक्स काढा." तुम्ही त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. थेट माझ्यासमोर उकिडव्या बसलात, त्या वयात, आणि विचारलंत, "जुजबंदी येते का गं तुला?" एकेक जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा, वेगळा दोऱ्याने शिवायची ती जुनी शिलाई. मला येत होती. इतक्या वर्षांत मला कुणी काय येतं ते विचारलंच नव्हतं. शिक्षण किती, ते मात्र सगळे विचारायचे. सातवी. आमच्या नांदेडकडच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, पुढची आठ किलोमीटरवर, आणि पोरीला कोण सोडतंय.

मग मी दर रविवारी तुमच्याकडे यायला लागले. तुमच्या बाहेरच्या खोलीत टीव्ही नव्हता, कपाटं होती. वरपासून खालपर्यंत एकाच विषयाची पुस्तकं. मला वाटलेलं, देवाधर्माची असतील. तुम्ही सांगितलंत, सायडर. सफरचंदाचा रस पिळायचा, आंबवायचा, महिनोन्‌महिने ठेवायचा. त्यावर माणसं इतकं लिहितात? "अगं, यापेक्षा कितीतरी जास्त. माझ्याकडे आहेत ती मूठभर." काही फुटपाथवर मिळालेली, काही कुणा गोऱ्या साहेबाच्या मागे राहिलेल्या सामानातून, काही परदेशातून पार्सलने आलेली, कोरी, गुळगुळीत, चकचकीत फोटोंची. नवं पुस्तक आलं की तुम्ही आधी वास घ्यायचात. जुनं आलं तरी तेच.

तुमची नोकरी एसेन्सच्या कंपनीत, वागळे इस्टेटमध्येच, आमच्या गाळ्यापासून दोन गल्ल्या सोडून. "आयुष्यभर सफरचंद न वापरता सफरचंदाचा वास बनवला मी, शोभा. टाकीच्या टाकी." कंपनीने तरुणपणी तुम्हाला तीन महिने विलायतेला पाठवलेलं. तिथे ज्यांच्याकडे राहत होतात त्यांच्या मागच्या अंगणात सफरचंदं पिळायचा लाकडी चरक होता. तुम्ही त्या चरकाचं बोलायला लागलात की ठाण्यात आहात हे विसरायचात. लग्न का नाही केलंत, परत का नाही गेलात तिकडे, ते मी कधी विचारलं नाही. एकदा तुम्हीच म्हणालात, "काही गोष्टी पुस्तकातच बऱ्या. प्यायला मिळाली असती तर मी दोन ग्लासांत थांबले असते."

आणि मग स्वतःच करायला बसलात की! सिमल्याची सफरचंदं, पाट्यावर ठेचून, पंच्यातून गाळून, काचेच्या बरणीत. चौथ्या दिवशी बरणीचं झाकण उडून थेट छताला लागलं. शेजारच्या काकू धावत आल्या. "कुमुद, काय गं, सिलिंडर का?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "नाही, सायडर." त्यांना काही कळलं नाही, पण वासावरून बाकीचं कळलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले. "मॅडम, सोसायटीत असं चालत नाही." तुम्ही त्यांना सोफ्यावर बसवलंत, पुस्तक उघडून अर्धा तास आंबवण्याचं शास्त्र समजावलंत. ते जाताना नमस्कार करून गेले. त्यानंतर तुम्ही लिफ्टपाशी दिसलात की ते जिन्याने सटकायचे. बरणीच्या तळाला चमचाभर उरलेलं ते तुम्ही मला चाखायला दिलंत. मी म्हटलं, "शिंदीसारखं लागतंय, ताई. आमच्याकडे असाच वास यायचा." तुम्हाला इतका आनंद झाला! "म्हणजे तुझ्या गावात हे होतंच! मग मी एवढे पैसे टपालखात्याला का घातले?"

आपलं भांडण एकच होतं आणि ते संपलं नाही. मला नवी पुस्तकं आवडायची नाहीत. नुसत्या गोंदावर उभी, दोनदा उघडली की पानं हातात. मी म्हणायचे, एवढी महागडी पुस्तकं आणि एक टाका नाही त्यांना. तुम्ही म्हणायचात, "अगं, पण त्यात जे लिहिलंय ते जुन्यात नाही." मी म्हणायचे, "जुनी किमान टिकली तरी." तुम्ही म्हणायचात, "टिकलं म्हणजे बरोबर असतं असं नाही." हे वाक्य तुम्ही नेहमीच म्हणायचात की त्या गोष्टीनंतर म्हणायला लागलात, ते मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं.

ती गोष्ट आता सांगते.

हिरव्या कापडी पाठीचं पुस्तक. तुमच्या सगळ्या पुस्तकांत तुमचं लाडकं. छापलेलं फारसं महत्त्वाचं नव्हतं, तुम्हीच म्हणायचात. पण ते कुणा बागवाल्याकडे होतं कधीकाळी, आणि त्याने उजवीकडच्या पानापानावर समासात पेन्सिलीने लिहून ठेवलेलं. पाऊस कधी पडला, कुठल्या झाडाचं फळ कशात मिसळलं, घरात काय झालं. हे सगळं मला नंतर कळलं. तुम्ही ते मला शिवायला दिलंत. "आहे तसंच ठेव, फक्त शीव. जपून हं."

जपूनच शिवलं मी. शिलाई अशी बसली की मीच चार वेळा हात फिरवला. पण कडा ओबडधोबड होत्या, एक पान आत, एक बाहेर. आणि आमच्या धंद्यात शिवलेलं पुस्तक कटिंग मशीनला लावल्याशिवाय पूर्ण झालं असं कुणी म्हणत नाही. तीन बाजू मारायच्या, मग हातावेगळं करायचं. हाताला सवय असते. त्या दिवशी तर मला वाटलं, ताईंना नव्यासारखं करून देऊ. कुणी सांगितलं नव्हतं. मशीनवर मीच ठेवलं, दांडा मीच ओढला. पाव इंच. समासात पेन्सिलीचं काहीतरी दिसत होतं, मला ती कुणा पोराची रेघोट्या-गिचमिड वाटली. इंग्रजी, त्यातही जोडून लिहिलेलं. मला काय कळणार होतं?

पुस्तक तुम्हाला आणून दिलं. तोपर्यंत तुमच्या डोळ्यांचा मधला भाग गेलेला. समोरचं धूसर, कडेचं तेवढं दिसायचं. तुम्ही अंगठा पुस्तकाच्या कडेवरून फिरवलात. वरून खाली. परत वरून खाली. मग म्हणालात, "छान शिवलंयस." आणि लगेच म्हणालात, "आता आपण याच्या बाजूच्या टिपा उतरवून काढायच्या. मला दिसत नाहीत. तू अक्षरं वाच, मी शब्द लावते."

मी पान उघडलं. पहिल्या ओळीची शेवटची दोन अक्षरं नव्हती. दुसरीची तीन नव्हती. उजवीकडच्या प्रत्येक पानावर तेच. म्हटलं, "ताई, आज डोकं दुखतंय." तुम्ही चहा करून दिलात.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यावर तासभर आधी गेले. कातरणीची पोती अजून रद्दीवाल्याने नेलेली नव्हती. फरशीवर सगळं पसरून एकेक पट्टी बघितली. बहुतेक पांढऱ्या, त्यातल्या पिवळट तेवढ्या निवडल्या. केसांत कागदाचा भुसा घेऊन दिवसभर काम केलं. घरी आणून पट्ट्या पानांना लावून बघितल्या, मागे नंबर टाकले. सात ओळींच्या पट्ट्या मिळाल्याच नाहीत.

तेव्हापासून दर रविवारी मी पुस्तक मांडीवर घ्यायचे आणि आत त्या पट्ट्या. तुम्ही कॅलेंडरच्या पाठीवर जाड मार्करने एकेक अक्षर काढून मला जोडलेलं इंग्रजी शिकवलंत. हा असा वळला की एफ, पोट खाली गेलं की जी. मी ओळ वाचायचे, शेवटाला आले की पट्टी चाचपायचे, मग पुढची अक्षरं वाचायचे. तुम्ही चित्रकलेच्या मोठ्या वहीत बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहून घ्यायचात. एकदा मधेच थांबून विचारलंत, "तू अडखळतेस ती नेमकी ओळीच्या शेवटीच कशी गं?" मी म्हटलं, "तिथे पुसट आहे, ताई." तुम्ही म्हणालात, "हं." आणि मार्कर पुन्हा वहीवर टेकवलात.

असं करून मी इंग्रजी शिकले. औषधांची नावं वाचते, बँकेचा फॉर्म भरते, तुमच्या हॉस्पिटलचे कागद मीच वाचले. ज्या दिवशी मी पकडली जाणार होते तो दिवस पुढे ढकलण्यासाठी मी शिकत गेले, आणि तुम्ही मला शाबासकी देत गेलात. चाळीत बायका म्हणतात, शोभा किती हुशार. मला वाटतं, एक खिडकी नसलेली खोली आहे आणि तिच्या भिंती मीच रविवारी रविवारी बांधल्यात.

त्या सात ओळींत एक ओळ होती. वडील गेल्यावर मी ते जुनं झाड... आणि पुढे कापलेलं. आफ्टर फादर डाइड आय लेट द ओल्ड ट्री. बस. तुम्ही मार्कर उचलून थांबलेल्या. "पुढे?" पट्टी नव्हती. मी काहीतरी बोलणं भाग होतं. मला स्पेलिंग येणारे शब्द होते किती? रोज वागळे इस्टेटच्या चौकात पाटी बघायचे, ऑटो स्टँड. तोंडातून तेच आलं. एस, टी, ए, एन, डी. तुम्ही लिहिलंत आणि मग मार्कर खालीच ठेवलात. "राहू दिलं," तुम्ही म्हणालात. "वडील गेल्यावर त्याने ते जुनं झाड तसंच उभं राहू दिलं." तुमच्या डोळ्यांना पाणी आलं. तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही विलायतेत होतात, ते मला त्या दिवशी कळलं. पोचला नव्हतात तुम्ही. तो बागवाला तुमच्या वतीने तिथे होता, असं काहीतरी तुम्ही म्हणालात. मी पुस्तक मिटून बसले.

त्यानंतर ती ओळ तुम्ही सगळ्यांना सांगायला लागलात. फोनवर, डॉक्टरांना, भाजीवालीलासुद्धा. कदाचित त्याने झाड तोडलं असेल, ताई. कदाचित जाळलं असेल. कदाचित विकलं असेल. मला माहीत नाही आणि आता कुणालाच कळायचं नाही.

हॉस्पिटलमध्ये मी म्हटलं होतं, "ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय." तुम्ही म्हणालात, "आज नको गं. दमलेय. उद्या सांग." आणि उद्या होता, ताई. पुरता एक दिवस होता. मी आले, तुमच्याजवळ बसले, आणि कोलशेतच्या रस्त्याला रिक्षावाल्याने कसं फिरवून आणलं ते सांगितलं. तुम्ही हसलात. तेवढंच सांगून निघाले मी.

परवा दादांचा फोन आला. आवाजात आनंद होता. डोंगरातल्या एका सफरचंदाच्या बागायतीच्या कॉलेजची लायब्ररी सगळी एकतीस खोकी घ्यायला तयार आहे, त्यांच्या खर्चाने नेतील. "त्यांना मुख्य हवंय ते टिपांचं पुस्तक आणि मावशीची वही. आणि शोभाताई, आपल्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मी ती ओळ टाकतोय. जुन्या झाडाची."

मी म्हटलं, "ती ओळ टाकू नका."

"का हो?"

"शेवटचा शब्द माझा आहे."

मग सगळं सांगितलं. दादा म्हणाले, "मावशीला माहीत होतं?"

"नाही माहीत मला."

"शोभाताई, आता कुणाला कळणार आहे? जाऊ द्या ना. मावशी तर त्या ओळीवर जगली हो शेवटची वर्षं."

"म्हणूनच."

"आणि त्यांनी यामुळे पुस्तकंच नाकारली तर? तुमच्या त्या एवढ्याशा खोलीत?"

"तर राहतील माझ्याकडे."

बोलून गेले आणि फोन ठेवला. आमच्या ह्यांनी सगळं ऐकलेलं. मला वाटलं, आता बोलणार. ते म्हणाले, "कॉट विकून टाकू. खाली झोपू. नाहीतरी ती करकरते."

दादा कॉलेजला विचारून कळवतो म्हणालेत. अजून कळवलेलं नाही. मी दर फोनला दचकते. लग्नाला जाणार नाही ते नाहीच. नाही म्हणाले तर काय करायचं ते मला ठाऊक नाही, हो म्हणाले तर मोकळं वाटेल का, तेही ठाऊक नाही. तुम्ही मला क्षमा केली असती असं लोक सांगतील. ते लोकांनी सांगू नये. ते तुम्ही सांगायचं होतं, आणि त्यासाठी मी आधी तोंड उघडायला हवं होतं. ताई, तुमचा राग मला मिळाला नाही. तो माझ्या हक्काचा होता.

तुम्ही मला माणसात आणलंत. उकिडव्या बसून विचारलंत, येते का गं तुला. त्याची परतफेड म्हणून मी तुमचं पुस्तक सुंदर करायला गेले आणि ते कापलं. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही, मी प्रयत्न करून बघितला.

काल दुपारी मी मैद्याची खळ शिजवली, चिमूटभर मोरचूद घालून, कीड लागू नये म्हणून. चांगला जाड कागद घेतला. त्यावर इंग्रजीत, कुणाला न विचारता, लिहिलं की हे पुस्तक मी कापलं, अमुक पानांवरचे सात शब्द मी मनाने घातलेत, त्यांवर विश्वास ठेवू नका. जुन्या झाडाचा शब्द सगळ्यात आधी लिहिला. खाली पूर्ण नाव, आडनावासकट, आणि कामधंदा: बाइंडर. स्पेलिंग चुकलं असेल तर चुकू दे. मग तो कागद हिरव्या पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर, कडेपासून कडेपर्यंत खळ लावून बसवला आणि वरून पाटा ठेवला.

आज सकाळी बघितलं. सुकलाय. एक सुरकुती नाही. आता पान फाडल्याशिवाय तो निघायचा नाही.